पाचापैकी पाच, नवापैकी नऊ

घड्याळजींना आपल्या मेहुण्याची किळस यायची आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. हा माणूस खाताना बोलायचा, बोलताना खायचा आणि दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा. एके दिवशी तो हात त्यांच्या रेडिओपर्यंत पोचला.

चूक घड्याळजींचीच. घरच्या संचावरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचा परवाना त्यांनी तीनदा नापास होऊन चौथ्या खेपेला मिळवला होता. बिनपरवान्याच्या माणसाला बोलू द्यायचं तर परवानेवाल्याने शेजारून हलायचं नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ. पण बायको म्हणाली, "एकदा बोलू द्या हो त्याला, तुमचं काय जातंय?" तेव्हा शेजारी बसून त्यांनी मेहुण्याला दोन मिनिटं बोलू दिलं. नंतर माईक स्पिरिटने पुसला. पण कुठलं बटण दाबायचं ते मेहुण्याने तेवढ्यात पाहून ठेवलं.

रोज सकाळी दहाला त्यांची परवानेवाली मंडळी रेडिओवरून हवेत जमायची. त्यांच्यात दूरगावच्या एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. प्रत्येकाच्या आवाजाला त्या गुण देत, स्पष्टपणाला पाचापैकी आणि जोराला नवापैकी. अकरा वर्षांत घड्याळजींची गाडी चार आणि पाचच्या पुढे सरकली नव्हती, आणि बाई कुणाला फुकटचे गुण देत नसत. म्हणून रविवारभर गच्चीवर घाम गाळून त्यांनी नवा अँटेना उभारला. सोमवारी नेमकं एका गिऱ्हाइकाचं तातडीचं काम निघालं. निदान मंडळींचं बोलणं तरी ऐकू, म्हणून त्यांनी दुकानात छोटा रेडिओ लावला.

दहा वाजले आणि त्यातून त्यांच्याच घरातला आवाज आला. मेहुणा मित्रांना संच दाखवत होता. आधी बराच वेळ हॅलो हॅलो झालं. उत्तर येईना, कारण माईकचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, आणि ते दाबलेलं असलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही. एवढीही अक्कल नसलेला तो प्राणी मग मोकाट सुटला.

"कुणी नसतं रे तिकडे," तो मचमच करत म्हणाला. "एक म्हातारी मास्तरीण आहे म्हणे. ती मार्क देते आणि आमचे दाजी शेपूट हलवतात. घरात तिला कुत्रं विचारत नसेल, म्हणून हवेत शाळा भरवते."

मग एक लांबलचक ढेकर. पाठोपाठ बायकोचं हसू.

ढेकर घड्याळजींना नवा नव्हता. ते हसू नवं होतं.

दुकान तसंच उघडं टाकून ते दोन गल्ल्या धावले. मेहुणा त्यांच्या खुर्चीत फतकल मारून बसला होता आणि माईक त्याच्या मांडीखाली होता. त्यांनी तो ओढून काढला. कोमट, चिकट, बिस्किटाच्या चुऱ्याने माखलेला. तसाच तोंडाशी धरून त्यांनी आपला परवाना क्रमांक सांगितला.

"माझ्या संचावरून बिनपरवान्याचा माणूस बोलला. मी शेजारी नव्हतो. परवाना मी आजच परत पाठवतोय. बाई, मला माफ करा."

"म्हणजे हे ऐकू गेलं?" मेहुण्याने विचारलं. बायको पदराशी चाळा करत दारात उभी होती. घड्याळजींनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांनी बटण सोडलं.

थोडी खरखर झाली. मग बाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"अँटेना नवा दिसतोय. पाचापैकी पाच, नवापैकी नऊ. शब्द न् शब्द ऐकू आला."