आबा गच्चीवर

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं तेव्हा मी कॉलेजात होते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरीच ठेवा."

एकदा पडल्या पडल्या तिनं विचारलं, "आबा, आपला रेडिओ चालतोय का वो अजून?" लग्नाआधी भाकरी थापताना ती सांगली केंद्र लावायची. आबांनी माळ्यावरचा तो जुना व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढला. सुरू झाला, पण नुसती खरखर. गच्चीवर दोन बांबूंच्या मधे ताणलेली एरियल, तांब्याच्या जाळीची पट्टी, कधीच तुटून लोंबत होती.

दुसऱ्या दिवसापासून आबा गच्चीवरच राहू लागले. काळी पडलेली जाळी चिंच लावून घासली. तुटलेले तुकडे हुपरीला नेले. तिथं मामा चांदीची पैंजणं करायचे, त्यांच्याकडून डाख देऊन जोडून आणले. पट्टीची टोकं बांबूला बांधायचे चिनी मातीचे मणी फुटले होते. तसलेच हवेत म्हणून भंगाराची दुकानं पालथी घातली.

आई म्हणाली, "साधी तार टाका की. कोण बघतंय?"

"करायचं तर नीट करायचं," आबा म्हणाले आणि पुन्हा जिना चढले.

जिन्यावर पाय वाजला की अक्का मान वळवायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, "आबा रागावल्यात का गं माझ्यावर? खोलीत येतच न्हाईत."

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

शेवटी एका सकाळी गाणं स्वच्छ लागलं. आबा धावत खाली आले. "ऐकलंस का, पोरी?"

"ऐकलं. लई ब्येस." मग हळूच म्हणाली, "आता बसा की हितं जरा."

आबा खाटेच्या कडेला बसले. तिचा सुजलेला हात त्यांनी मांडीवर घेतला. गाणी संपून बाजारभाव सुरू झाले तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. आबा खाटेपासून हलले नाहीत, पण तिला बहुतेक गुंगीच असायची. बोलणं असं झालंच नाही.

दिवसकार्य उरकल्यावर घरामागच्या परड्यात हात धुताना आबा मला म्हणाले, "तिचं तोंड बघवत नव्हतं गं मला. वर हाताला काम होतं, म्हणून जात होतो. तिला काय वाटलं असंल?"

"तिला कळत होतं, आबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हात धुऊन झाले होते, तरी ते पाणी ओतत राहिले.