निमूटाची सासरवाडी

धाड गावच्या बाजाराजवळ शिवणयंत्र चालवणाऱ्या अनुपमाने आजवर गावभरचे ब्लाउज शिवले, पण तिची खरी कमाई म्हणजे निमूट. निमूट हा दुसऱ्या ग्रहावरून तुरीच्या वावरात येऊन पडलेला, डोळे नसलेला राक्षस. खताची पोती आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा जोडून तिनेच तो शिवला, नाव तिनेच ठेवलं, त्याची ती पाय ओढत यायची चालही तिनेच करून दाखवली. धाकटा दीर प्रेम मोबाइलवर त्याची फिल्म काढायला निघाला, तेव्हा तिने एकच अट घातली. निमूट कोण, कुठला, काऊन आला, हे कोणाला सांगायचं नाही.

"मालूम झालं का भेव जाते, भाऊजी," ती म्हणाली होती.

प्रेमने अट पाळली आणि फिल्म धो धो चालली. एकाचे तीन भाग झाले. पार वरवट बकालहून लोक विचारू लागले. अंधार पडला की पोरं तुरीच्या बाजूने जाईनात. मग बुलडाण्यात प्रेमचा सत्कार झाला. अनुपमा ठेवणीतली साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. माइकवर प्रेम म्हणाला, निमूट आपल्या स्वप्नात आला. वहिनीने फक्त पोती शिवली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातली गोष्ट आहे, सोडून दे, असं नवरा म्हणाला. ती सोडणाऱ्यातली नव्हतीच.

भुलाबाईचे दिवस होते. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी तिच्या अंगणात टिपऱ्या घेऊन यायच्या, सासर-माहेरची गाणी म्हणायच्या, खाऊ ओळखायच्या. अनुपमाने त्यांना एक नवं गाणं दिलं. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्याने अनारसे कमी वाढले, म्हणून निमूट रुसून पृथ्वीवर आला होता.

"निमूट जावई रुसला गं,
तुरीत जाऊन बसला गं."

रोज एक कडवं वाढे. काजळ घालताना आत्याचा हात घसरला म्हणून त्याचे डोळे गेले. बायको बोलू देत नाही म्हणून तो मुका. सासू, मेव्हणे, चुलतसासरे, सगळं गणगोत तिने आकाशातून खाली उतरवलं. पोरी शाळेत गायल्या, बाया वावरात निंदताना गायल्या.

कोजागिरी जवळ आली आणि चौकात पांढरा पडदा लावून प्रेमने चौथा भाग दाखवला. तुरीतून निमूट पाय ओढत बाहेर आला. कोणीतरी म्हणालं, "अनारसे द्या रे त्याले." सारा चौक खदखदून हसला. गल्लीतले म्हातारे महादेवराव तर हसून हसून डोळे पुसत होते.

सकाळी प्रेम यंत्राशेजारी येऊन बसला.

"वहिनी, पुढच्या भागात तुमचं नाव पयलं टाकतो. फकस्त ते गाणं बंद करा."

अनुपमाने सुई थांबवली. निमूट शिवून खुंटीला टांगला, त्या दिवशी तिला स्वतःलाच त्या खोलीत जायची भीती वाटली होती. ती भीती आता परत येणार नव्हती, हे तिला कळत होतं आणि ते लागतही होतं. पण दिराचा उतरलेला चेहरा बघून फार बरं वाटलं.

"बंद कसं करू, भाऊजी? त्याचा धाकटा भाऊ यायचा राह्यला ना. भावाचं कातडं पांघरून गावात मिरवते तो." तिने दोरा दाताने तोडला. "नाव पोरींनी कालच ठेवलं. प्रेम."