दोन्ही टोकांनी पेटवलेली मेणबत्ती

दादा गेला त्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा वाजला आणि त्याच्या मागांवर बदली कामगार उभा राहिला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर भवानी पेठेत. तो गिरणीत विणकर होता, मी शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं शिक्षण चालू होतं तोवर तो गिरणी सुटल्यावर शेजारच्या तेलुगू विणकराच्या हातमागावरही बसे. पुढे मला नोकरी लागली, तरी त्याची ती सवय सुटली नाही.

विणाई खात्यावर एक गोरा साहेब होता. कामगार दमलेला दिसला की त्याला गंमत सुचायची. त्याचे शब्द दादा कानात धरून घरी आणी आणि जेवताना माझ्यापुढे टाकी.

"मास्तर, आज साहेब मला म्हनला, फुल ऑफ बीन्स. काय रं ते?"

"बीन्स म्हणजे शेंगांतले दाणे. अंगात दाणा भरलाय, म्हणजे भारी जोम आहे. तिकडे घोड्यांना तसला दाणा घालायचे."

"म्हंजे मी घोडा की! मला वाटलं, शेंगाची चटणी खाऊन आल्यालं कळलं त्याला."

तो ठसका लागेपर्यंत हसला. असे कितीतरी शब्द त्यानं गोळा केले होते. साहेबाचं बोलणं आपल्याला कळतं, बाकीच्यांना कळत नाही, याचा त्याला लई अभिमान.

मग एकदा त्यानं मेणबत्ती आणली. हा गिरणी सुटल्यावर हातमागावर बसतो हे साहेबाला कळलं होतं. तो म्हणाला होता, हा गडी मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळतोय. दिवसरात्र राबून स्वतःला संपवणं, असा अर्थ मी सांगत होतो तेवढ्यात चुलीपुढून आई उठली.

"कुनी म्हनलं हे?"

"साहेबानं. बोलायची रीत असते, आई, त्यांची."

"असली कसली रीत? दिव्याबद्दल कसं बोलावं, हे त्याच्या आयनं शिकवलं न्हाय व्हय त्याला?"

आमच्या घरात दिवा विझला असं कोणी म्हणत नाही, शांत झाला म्हणतात. आणि इथं जित्या माणसाला दोन्हीकडून पेटवून ठेवलं होतं. आईनं मीठ-मोहरी घेतली, दादाला पाटावर बसवलं आणि त्याची दृष्ट काढली. दादा म्हणाला, "आये, साहेबाची बी काढ की, त्याला लई मीठ-मोहरी लागंल." आम्ही दोघं हसलो. आई हसली नाही.

पुढच्या हिवाळ्यात दादाचा खोकला थांबेना. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचं, हीच तिथली कामाची रीत. सुताबरोबर तंतूही छातीत जायचे. त्याला महिनाभर विश्रांती हवी होती. रजा मागायला मी त्याच्याबरोबर गेलो. जॉबर, म्हणजे त्याचा मुकादम, शेजारी उभा होता. मी साहेबाला इंग्रजीत सगळं सांगितलं, रक्त पडतं हेही सांगितलं.

साहेबानं दादाकडे पाहिलं आणि म्हणाला, याची नुसती वाफ संपलीय. रविवारी झोपू दे, सोमवारी पुन्हा फुल ऑफ बीन्स असेल.

दादाला ते कळलं. मी सांगायच्या आधीच कळलं, आणि तो हसला. एवढा आजारी, पण साहेबाची गंमत आपल्याला समजली याचा आनंद त्याच्या तोंडावर मावेना.

साहेब जॉबरला म्हणाला, "पाहा, हसतोय. आजारी माणूस हसत नसतो."

रजा मिळाली नाही. न सांगता घरी राहिला असता तर माग बदलीवाल्याकडे गेले असते. दादा सोमवारी कामावर गेला आणि पडेपर्यंत जात राहिला.

गिरणीच्या बॉयलरची वाफ कमी झाली तर सगळं खातं थांबतं, फायरमन धावतो, कोळसा येतो. तिथं कोणी विनोद करत नाही. विनोद माणसाच्या वाट्याला. थकव्याला अशी गमतीची नावं द्यायला आधी खुर्ची लागते, आणि ती त्या खात्यात एकच होती. शाळेतल्या पुस्तकात लिहिलं आहे की या वाक्प्रचारांनी भाषेला गोडवा येतो. ज्यानं ते लिहिलं त्याला मी मागापुढे उभा करीन, सूत तोंडानं ओढायला लावीन आणि मग गोडवा विचारीन.

आईला मी तेव्हा अडाणी समजलो होतो. साहेब आणि ती, या दोघांत बोलायचं कसं हे तिलाच ठाऊक होतं.

आता दादाच्या मागांवर दुसरा विणकर आहे. साहेब त्याच खुर्चीवर आहे. पुस्तकात आहेत म्हणून ते वाक्प्रचार मी दरवर्षी शिकवतो. आमच्या घरात मेणबत्ती येत नाही.