राव मामांचे चौदा हजार फोटो

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा! एव्हाना आमची अख्खी बिल्डिंग हसून झालीय, मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

आम्ही चेन्नईला, नुंगंबाक्कमला राहतो. आमचे हे इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात आहेत. सकाळी सहाला कंपनीची बस त्यांना घेऊन जाते आणि रात्री आठला परत आणून टाकते. मधल्या वेळात मी लोकांना मदत करते. ह्यांच्या मते हा एक आजार आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर राव मामा आणि मामी राहतात. तंजावरची मराठी माणसं. ‘बसा’ला ‘बैसा’ म्हणतात, आणि बोलता बोलता तमिळमध्ये कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. वय एकोणऐंशी, तब्येत ठणठणीत, आणि फोटोंचं वेड! स्वतःच्या लग्नापासून शेजारच्या मांजराच्या बाळंतपणापर्यंत सगळं त्यांच्याकडे आहे. जुने फोटो स्कॅन करून घेतलेले, नवे कॅमेऱ्यातले, सगळे मिळून चौदा हजार, आणि ते सगळे एका हार्ड डिस्कवर.

एक दिवस मामी पदराखाली ती हार्ड डिस्क लपवून वर आल्या.

“वैशाली, मामांना ऐंशी होतंय. हे सगळं नीट लावून एक आल्बम करून देशील काय? त्यांना कळूं नये हो! आणि सांभाळ. त्यांचा जीव आहे यांत.”

“मामी, निश्चिंत राहा!” मी म्हणाले. हे वाक्य मी म्हटलं की ह्यांना घाम फुटतो. पण हे तेव्हा कारखान्यात होते.

मी लॅपटॉपवर फोटो लावायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याला ती हार्ड डिस्क दाखवली. त्यानं भराभर चौदा हजार चौकटी मांडल्या. वर्षावारी, महिन्यावारी, सगळं शिस्तीत. मला ते मुळीच पसंत पडलं नाही. वर्षावारी काय करायचंय? आपण स्वयंपाकघरात डबे काय वर्षावारी लावतो का?

मग मी सॉफ्टवेअर बंद केलं आणि पदर खोचला. लॅपटॉपवर ‘नीट’ नावाचं एक फोल्डर केलं. त्याच्या पोटात ‘लग्नकार्य’, ‘देवदर्शन’, ‘पंगती’, ‘मांजर’ आणि ‘कोण कुणास ठाऊक’. तीन दुपारी बसून सगळे फोटो हार्ड डिस्कवरून उचलले आणि त्यात टाकले. कॉपी नाही बरं का! कॉपी केलं की एकाचे दोन होतात, पसारा वाढतो. मी पसारा करणारी बाई नाही. मी सगळं कट केलं.

त्याच हौसेत लॅपटॉपवरची बाकीची फोल्डरंही आवरली. हे इकडे ओढ, ते तिकडे सार. हात नुसता शिवशिवत होता.

आणि मग आल्बम करायला सॉफ्टवेअर उघडलं.

प्रत्येक चौकटीत प्रश्नचिन्ह! खाली लिहिलेलं: ‘मूळ फोटो सापडत नाही.’ चौदा हजार प्रश्नचिन्हं माझ्याकडे टक लावून बघतायत! हार्ड डिस्क उघडली, रिकामी. ‘नीट’ फोल्डर शोधलं, तर तेही जागेवर नाही! मामांचं लग्न, मुलीचं बारसं, गेलेली आई, सगळं माझ्या हातून पुसलं गेलं होतं.

ह्यांना विचारायचं? छे! तुम्हाला घरातलं काही कळत नाही, असं मी त्यांना लग्न झाल्यापासून सांगत आलेय. कुठल्या तोंडानं विचारणार?

मामी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आल्बम बघायला येणार होत्या. म्हटलं, निदान आल्बमपुरते फोटो तरी गोळा करू. मामांच्या कुंभकोणमच्या भाच्याचा, वासूचा, नंबर माझ्याकडे होता. त्याला निरोप पाठवला. शब्दन् शब्द सांगते:

‘राव मामांचा समोरून काढलेला, स्पष्ट आणि चांगला फोटो तातडीनं हवा आहे. सगळ्या नातेवाइकांना कळवा. कृपया घरी फोन करू नये.’

यात काही गैर दिसतं का तुम्हाला? मला तर काही दिसलं नाही.

लगेच वासूचं उत्तर आलं, “अय्यो अक्का! कसं झालं?”

“अचानक,” मी लिहिलं. “एका क्षणात सगळं गेलं.”

“मामीला ठाऊक आहे?”

“नाही. मला सांगायचा धीर होत नाहीये.”

“किती वाजेपर्यंत?”

“उद्या दहाच्या आत पोचलं पाहिजे. नंतर काही उपयोग नाही.”

संध्याकाळपर्यंत फोटो यायला लागले. काय संस्कारी माणसं! प्रत्येक फोटोखाली हात जोडलेले. एकानं तर मामांच्या फोटोला सुरेख चौकट करून दोन्ही बाजूंना समया लावून तो पाठवला. मी त्याला कळवलं, “फार सुंदर! हाच मोठा करून पहिला लावू.”

सकाळी नऊला खाली गलका झाला. बाल्कनीतून बघते तो दोन व्हॅन आणि तीन रिक्षा. पांढरी वेष्टी नेसलेले पुरुष, डोळे पुसणाऱ्या बायका आणि प्रत्येकाच्या हातात हे एवढाले गुलाबाचे हार. अरेरे, बिल्डिंगमध्ये कोण गेलं बाई? शेजारधर्म म्हणून मी लगबगीनं खाली उतरले.

सगळी गर्दी मामांच्या दाराशी! तेवढ्यात दार उघडलं. मामा स्वतः, हातात कॉफीचा टंबलर. समोर हार आणि रडणारे भाऊबंद बघून बिचारे हादरलेच.

“अय्यो देवा! कोण गेलं रे?”

वासू म्हणाला, “तुम्ही, मामा.”

मामांनी एकदा टंबलरकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे. “मी? केव्हां?”

“काल दुपारीं. वरच्या अक्कानं कळवलं.”

आणि ती चाळीस माणसं एकदम जिन्याकडे वळली. जिन्यात मी!

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. मामांचे धाकटे भाऊ, बंगळूरचे. एका लग्नात कुणाचं पान आधी मांडलं यावरून दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. हारात तोंड खुपसून हमसाहमशी रडत होते ते. मामांनी त्यांचा हात धरला. मग म्हणाले, “मी मेल्यावर येणार होतास काय? आज आलास, बरं झालं. आंत ये. बैस.”

ते ऐकून मला भडभडून आलं. रडत रडत मी सगळं कबूल केलं. “मामा, तुम्ही नाही हो गेलात, तुमचे फोटो गेलेत! मी घालवले!”

आता मात्र घराला खरं सुतक लागलं. मामांचा चेहरा पडला. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून माणूस हलला नव्हता, पण हे ऐकून मटकन खुर्चीत बसला. मामी तर माझ्याकडे बघेनात.

मग मामा म्हणाले, “तो लॅपटॉप घेऊन ये.”

मी आणला. मामांनी चष्मा लावला आणि शोधायच्या जागी ‘नीट’ असं टाइप केलं. लॅपटॉप क्षणभर थांबला आणि त्यानं दाखवलं. माझं ‘नीट’ फोल्डर ‘विजेची बिलं’ या फोल्डरच्या पोटात होतं! आवरताना माझ्याच हातानं आत सरकलेलं. लग्न, बारसं, मामांची आई, मांजर, सगळे सुखरूप.

“वैशालीबाई,” मामा म्हणाले, “पार्सल तुम्ही दुसऱ्या गोदामांत नेऊन ठेवलं, आणि रजिस्टरांत जुनंच गोदाम. मग हा बिचारा सॉफ्टवेअर कोठें शोधेल? पस्तीस वर्षं मी हेंच तर निस्तरलं!”

मग काय विचारता! मामींनी चाळीस माणसांचा आंबटभात चढवला. ऐंशीला चार महिने होते, पण आणलेले हार वाया कशाला घालवायचे म्हणून मामांनी ते सगळे एकावर एक गळ्यात घातले आणि दोन्ही भाऊ पानाला पान लावून जेवायला बसले.

त्या दिवसापासून सॉफ्टवेअर मामाच चालवतात. ते चेहरे ओळखतं म्हणे. एकदा नाव लिहून दिलं की त्या माणसाचे सगळे फोटो त्या नावाखाली आपोआप जमा होतात, आणि अधूनमधून ते स्वतःच त्यांची संगीत लावलेली फिल्मही बनवतं.

परवा त्या चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांकडून अशी एक फिल्म आली. हसणारी मी, लाडू वाटणारी मी, मामींच्या खांद्यावर हात टाकलेली मी. आणि वर सोनेरी अक्षरांत शीर्षक: ‘यमधर्मासोबतचे आनंदाचे क्षण’.

मी रागारागानं ती ह्यांना दाखवली. ह्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “सॉफ्टवेअर चांगलं आहे गं. मला ओळखायला सतरा वर्षं लागली.”