देवांचा ब्रश

पितळी देव घासताना कुणी दिसलं की आजही माझं टाळकं सरकतं.

आई केम गावाहून आमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आली, तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. डॉक्टरांनी तिला दात कसे घासायचे ते करून दाखवलं आणि भाजलेल्या तंबाखूची मिशरी बंद करायला सांगितली. मी दुकानातला सगळ्यात मऊ ब्रश आणला. चार दिवसांत तिनं तो सोडला.

"रगत येतंय की! दुखऱ्या जागी कशाला घासायचं?"

अन् पुन्हा बोटानं मिशरी. अगं, घाण साचते म्हणूनच रक्त येतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ऐकेल तर शपथ!

मग एका सकाळी देवघरात पाहते, तर तोच ब्रश चिंचेच्या कोळात बुडवून ती बाळकृष्ण घासत होती. हलक्या हातानं, कानाकोपऱ्यातून, अगदी डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं.

"देवाला ब्रश अन् स्वतःच्या तोंडाला राख?" मी ओरडले.

"मऊ हाय गं. देवाला चरा पडत न्हाय," असं म्हणून ती हसली. हसताना तिनं सवयीनं मिशरीनं काळ्या पडलेल्या दातांवर पदर धरला. त्या लख्ख देवापुढंसुद्धा.