निळ्या पडद्यापुढे हात बांधून

दवनीवाड्यात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाचं पॉम्प्लेट दरवर्षी मीच छापतो. अवंदा ऐन वेळेवर जुना कंप्युटर बसला, नवा घ्यावा लागला. मी शिकलो चौथीपर्यंत, पण कंप्युटर चालवणारं लिनक्स माझं मीच टाकतो. इंग्रजी येत नाही; कुठं दाबायचं ते डोळ्याला पाठ आहे. नाटकाचा मजकूर नेटवर येणार होता. संध्याकाळपर्यंत पॉम्प्लेट झालं नाही तर काम गोंदियाच्या दुकानात जाणार, आणि एकदा गेलं की गेलंच.

लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. टाकताना मधातच कंप्युटरनं नवा पासवर्ड ठेवायला सांगितला. जुन्यानं असं कधी केलं नव्हतं. ठेवला. बंद होऊन सुरू झाला तर सगळा पडदा निळा, इंग्रजी ओळी, आणि दहा, नऊ, आठ असे आकडे उतरून राहिले. मी हात बांधून बसलो. उभी उमर धानाच्या गिरणीत इंजिनवर गेली. इंजिन चाल धरेपर्यंत हात लावायचा नाही, हे अंगात बसलेलं. निळं आपोआप गेलं, लिनक्स आलं, पण वायफाय नाही. सगळं पुन्हा टाकलं. पुन्हा निळं, पुन्हा वायफाय नाही. यंत्र बिघडलं म्हणावं तर बाकी सारं ठीक. मी चुकलो म्हणावं तर मी काही केलंच नव्हतं.

सून दारात उभी होती. तिला विचारायची माझी इच्छा नव्हती.

"मामाजी, ते तुमाले काहीतरी विचारून राहिलं न."

"विचारते त थांबत काऊन नाही?"

"तुमी काही दाबतच नाही, त जाते निघून."

"तू फक्त वाच. हात नको लावू."

"मी कायले लावू? माह्ये हात पिठाचे आहेत."

अजून एकदा टाकलं. निळं आल्याबरोबर ती म्हणाली, "कोणतंही बटन दाबा." दाबलं. लिनक्स टाकताना कंप्युटरनं बनवलेली नवी चावी आपली म्हणून नोंदवायची का, असं ते विचारत होतं. होय म्हटलं, तोच पासवर्ड दिला.

"सेक्युअर बूट म्हणतात याले. अनोळखी वस्तू चालू देत नाही."

"लिनक्स चालू देल्लं, मंग वायफायच काऊन अनोळखी?"

"ते मले बी नाही समजत."

चावी त्यानंच बनवली, आणि ओळख माझ्याकडून मागतो. मी अजून त्याच विचारात होतो, तोच वायफाय लागलं आणि मजकूर उतरला. पॉम्प्लेट न्यायला आलेला नाटक मंडळाचा माणूस फाटकातूनच बोलला, "काका, होते का, का गोंदियाले जाऊ?"

"बस तिथंच," मी म्हटलं. "छापून राहिलो."