तळ दिसेपर्यंत

कासार आंबोलीच्या आमच्या घरामागे स्विमिंग पूल आहे, असं सांगितलं की पुण्यातल्या मैत्रिणींचे चेहरे बदलतात. 'मजा आहे बाई तुमची,' म्हणतात. मजा म्हणजे काय, तर रोज सकाळी चहाच्या आधी लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावरची पानं, किडे आणि एखादा फुगलेला बेडूक गोळा करायचा. मग दोन छोट्या नळ्यांत पूलचं पाणी भरून त्यात थेंब टाकायचे. एक नळी पिवळी झाली की क्लोरीन पुरेसं आहे, दुसरी गुलाबी झाली की आम्लता ठीक आहे. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतक्या नेमाने प्रयोग तेव्हाही केला नव्हता.

हा पूल आम्ही हौसेने बांधलेला नाही. घर विकत घेतलं त्याच्यासोबत तो आला आणि पहिली दोन वर्षं त्यात फक्त डासांची पिल्लावळ पोहत होती. मग नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. डाव्या पायातली ताकद हळूहळू परत आली, पण जाणीव आली नाही. पाय जमिनीला टेकलाय की अधांतरी आहे, हे त्याला कळायचंच नाही. डोळ्यांनी बघून ठेवला तर पाय नीट पडायचा, नजर हलली की तोल जायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पाण्यात चालवा, पाणी माणसाला धरून ठेवतं. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे आहेत, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

पण पाण्यात चालायचं तरी पाय दिसायला हवा. म्हणजे छातीइतक्या पाण्यातून तळाच्या निळ्या फरशीवर पायाची बोटं मोजता येतील, इतकं नितळ पाणी हवं. देखभालीला ठेवलेला माणूस दोनदा आला आणि नंतर फोन उचलेनासा झाला. तेव्हा मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? क्लोरीन काय, आम्लता काय, सगळं मीच तर शिकवलंय. त्या दिवसापासून जाळी, ब्रश आणि थेंबांच्या बाटल्या माझ्या ताब्यात आल्या. संध्याकाळी ऊन उतरलं की बादलीभर पाण्यात क्लोरीनची पावडर विरघळवून कडेकडेने ओतायची, कारण उन्हात ते उडून जातं. आठवड्यातून एकदा फिल्टरमधून उलटं पाणी सोडून त्याची वाळू धुवायची. ज्येष्ठ संपेपर्यंत नवरा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागला. डोळे सतत खाली, पावलांवर. मी त्याच्यासमोर उलटी चालायचे, दोन्ही हात पुढे करून.

बांधापलीकडे शेजारच्या वहिनी राहतात. आमच्या घराची जमीन मुळात त्यांच्या घरची. जमीन विकली, तरी नजर काही विकली नाही. येता-जाता कुंपणावरून डोकावून त्या पूलकडे बघायच्या. त्या त्याला हौद म्हणायच्या. "ताई, एवढं औषीद कशाला टाकता? हिरीत आमी चार मासं सोडतो, त्येच समदं खात्यात," असा सल्ला त्यांनी एकदा दिला होता. मी त्यांना क्लोरीनचं कार्य समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना आळूची पानं देऊन गेल्या.

आषाढात पावसाने धरलं ते सोडेचना. ताम्हिणीकडून येणारा पाऊस आमच्यापर्यंत जरा थकून पोचतो म्हणतात, पण त्या वर्षी तो थकला नव्हता. तारांवर झाड पडलं आणि चार दिवस वीज गेली. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे फिल्टर बंद. वरून पाऊस आणि कुंपणाखालून शेतातलं गढूळ पाणी. पाचव्या दिवशी सकाळी बघितलं तर पूल हिरवागार. पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती.

वीज आली तशी मी पावडर टाकली, ब्रश मारला, पुन्हा पावडर टाकली. तीन दिवसांनी हिरव्याचं पोपटी झालं, एवढीच प्रगती. तोवर नवरा व्हरांड्यातल्या खुर्चीत. काठी घेऊन चार पावलं टाकायचा आणि बसायचा. एक दिवस चारही टाकली नाहीत. "राहू दे गं," म्हणाला, "पावसाळा संपला की बघू."

मला त्याच्या 'राहू दे'ची भीती वाटली. झटक्यानंतर दोन महिने तो याच आवाजात बोलत होता. त्या खुर्चीतून त्याला पाण्यापर्यंत आणायला मला किती दिवस लागले होते, ते मलाच माहीत. भीती वाटली की मी रागावते, हा माझा जुना रोग. मी तडक पंपघरात गेले आणि पूल रिकामा करायला घेतला. घासूनपुसून ताज्या पाण्याने भरायचा, संपला प्रश्न!

दुपारपर्यंत पाणी मांडीइतकं खाली उतरलं. शेताच्या कडेने हिरवा ओहोळ वाहताना बघून वहिनी इरलं सावरत धावत आल्या.

"ताई, काय करताय हे? बंद करा आदी!"

"घाण झालंय पाणी. रिकामा करतेय."

"पावसाळ्यात हीर उपसत न्हाईत, ताई. भुईला पाणी चढल्यालं अस्तंय. आतलं पाणी हाय म्हनून भाईरचं दाबून ऱ्हातंय. हितं आमचं भाताचं खाचर व्हतं. हातभर खणलं की पाणी लागायचं. मोकळा हौद ह्यो, खालनं उचलंल."

"वहिनी, ही विहीर नाही. सिमेंटचं काम आहे."

"पाण्याला काय त्येचं?"

"ऐक त्यांचं," नवरा खुर्चीतून म्हणाला.

मी ऐकलं नाही. वहिनी हात कमरेवर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. अर्ध्या तासात पाणी गुडघ्याखाली गेलं आणि खोल बाजूला 'टक्' असा आवाज आला. मग आणखी एक. तळाच्या चार फरश्या वर आल्या होत्या आणि त्यांच्या फटीतून मातकट पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. पाण्याचा दाब दहावीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून मी किती वेळा समजावला असेल! पंप बंद करायला वहिनीच धावल्या, मी नुसती बघत राहिले.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने मला टोमणा मारला होता, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

वहिनी पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. मी म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात."

"चालायचंच. आमच्या सासऱ्यानं बी एकदा श्रावणात हीर उपसली व्हती. निम्मा कठडा आत आला." मग पूलकडे बघत म्हणाल्या, "पाणी टाकायचं नस्तंय, ताई. त्येच पाणी बसवायचं अस्तंय. तुरटी हाय का घरात?"

मग आम्ही दोघींनी ते पाणी बसवलं. खोल बाजूच्या उचकटलेल्या फरश्यांची दुरुस्ती उन्हाळ्यावर ढकलली आणि आधी पाऊस आणि बोअरचं पाणी मिळून पूल पुन्हा काठोकाठ भरू दिला. कुंपणाखाली दगड-माती लावून शेताचं पाणी वहिनींनी अडवलं. क्लोरीनचं माप मी ठरवलं, तुरटीचं त्यांनी. रात्रभर पंप बंद ठेवून गाळ खाली बसू द्यायचा आणि सकाळी पाणी न ढवळता तळावरून नळीने हळूच ओढून बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी मी घाई केली आणि सगळा गाळ पुन्हा वर आला. वहिनींनी माझ्या हातातून नळीचा दांडा काढून घेतला.

सहा दिवसांनी पाण्याचा हिरवेपणा गेला, पण ते ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. दोन्ही नळ्यांचे रंग अगदी हवे तसे. सातव्या दिवशी सकाळी मी काठावर नळ्या धरून उभी असताना नवरा काठी टेकत मागे येऊन उभा राहिला.

"स्वच्छ आहे?"

"स्वच्छ आहे. पण नितळ नाही. पाय नाही दिसायचा. अजून दोन-तीन दिवस थांब."

"दोन-तीन दिवस, दोन-तीन दिवस," तो म्हणाला आणि कठडा धरून पायऱ्या उतरायला लागला.

मी कपड्यांसकट पाण्यात उडी मारली. वहिनी त्यांच्या बाजूने "भाऊ, दमानं!" म्हणत काठाशी आल्या. तो छातीइतक्या पाण्यात उभा राहिला आणि सवयीने खाली बघितलं. खाली नुसतं दुधट पाणी. पाय नव्हताच तिथे. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी हात पुढे केले आणि म्हटलं, "चल, वर जाऊ."

त्याने मान वर केली. समोरच्या काठाकडे बघितलं, वहिनी उभ्या होत्या तिकडे. उजवा पाय टाकला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग पाणी हललं आणि तो एक पाऊल पुढे आला. डावं. मग पुन्हा उजवं.

मी मात्र वाकून पाण्यात त्याचा पाय शोधत होते. दिसला तरच मला खरं वाटणार होतं. शोधता शोधता उलटी चालायची विसरले आणि तो माझ्यावर येऊन आदळला.

"अगं, बाजूला हो की," तो म्हणाला, "रस्ता अडवलायस माझा."

मी बाजूला झाले. तिथेच पाण्यात उभी राहून मी रडले, आणि तो पलीकडच्या काठाला जाऊन पोचला.